आमच्या शब्दांचा परवाना

आमच्या शब्दांच्या यादीचा परवाना मी बदलला. मित्राने आग्रह धरला, कंपनीने गोड पत्र लिहिलं, हे सगळं खरं. पण शेवटी बटण दाबलं ते मी, आणि तशी नोंद आहे. जगातला कोणीही माणूस ती आजसुद्धा उघडून वाचू शकतो. त्यामुळे कुणावर चिडायचं म्हटलं की मला स्वतःपासून सुरुवात करावी लागते, आणि दुसऱ्यांपर्यंत पोचेस्तोवर मी दमून गेलेला असतो.

मी बीडला एका कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवतो. गाव शिरूर कासार तालुक्यात. आई गेल्यापासून गावचं घर माझी मावशी सांभाळते. मावशी वीसेक हंगाम ऊसतोडीला गेली. गुडघे गेले तेव्हा टोळीने तिला न्यायचं बंद केलं आणि ती आमच्याकडे आली. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण बोलायला लागली की समोरच्याने आपलं काम बाजूला ठेवावं असं बोलते.

यादीची सुरुवात मात्र मावशीमुळे झाली नाही. कॉलेजच्या वार्षिक अंकात अकरावीतल्या एका मुलीने लेख दिला होता. आईबापासोबत उसाच्या फडावर काढलेल्या दिवसांवर. पाचटाच्या झोपडीवजा कोपीत दिवस कसा उजाडतो, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर कसं चढायचं, सगळं आमच्या बोलीत. मराठीच्या मॅडमना लेख आवडला, त्यांनी एका शब्दालाही हात लावला नाही. अंकाची जुळणी माझ्याकडे होती. लेख संगणकावर आला तेव्हा शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राने पानभर तांबड्या रेघा ओढल्या. 'गेलतो'ला रेघ, 'न्हाई'ला रेघ, 'कावून'ला रेघ. छापखान्यातल्या माणसाने एका दमात सगळं 'दुरुस्त' करून टाकलं आणि मला ते अंक हातात येईपर्यंत कळलं नाही. मुलगी अंक घेऊन माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, "सर, ह्ये मी लिहिलेलं न्हाई." तक्रारीचा सूर नव्हता. दुसऱ्या कुणाचा तरी अंक चुकून आपल्याकडे आला आहे अशा आवाजात तिने सांगितलं आणि अंक टेबलावर ठेवून गेली.

त्याच आठवड्यात मी वही घेतली. यंत्राला आपले शब्द माहीत नाहीत म्हणून ते रेघ ओढतं. मग माहीत करून देऊ. एवढा साधा विचार होता. दर शनिवारी गावी जायचो, मावशी शेंगा फोडत बसायची, मी लिहीत बसायचो. आधी तिला वाटलं मी थट्टा करतोय. नंतर ती स्वतःच आठवून ठेवायला लागली. मी उंबऱ्यात पाय ठेवला की म्हणायची, "बस. आज पाच हायती." वह्या भरत गेल्या. प्रत्येक शब्दाची रूपं, वापरायचं एखादं वाक्य, आणि समोरच्या रकान्यात पुस्तकी मराठीतला शब्द. 'न्हाई' समोर 'नाही'. 'कावून' समोर 'का'. तो रकाना माझा. कुणी सुचवला नव्हता. मास्तरकीची सवय, दुसरं काय. परक्याला अर्थ कळावा म्हणून मी तो मोठ्या हौसेने भरला.

माझा एक मित्र चौसाळ्याचा. वसतिगृहात आम्ही तीन वर्षं एका खोलीत होतो. तो पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. मी त्याला वह्या दाखवल्या, तर तो खूश झाला. म्हणाला, "आरं बे, ह्ये असं वहीत कुजवू नको. उघड्यावर ठिवू. कोणीबी घेईल, कोणीबी भर घालील."

उघड्यावर ठेवायचं म्हणजे दोन गोष्टी ठरवायच्या होत्या. कुठे ठेवायचं, आणि कोणत्या अटीवर द्यायचं. आम्हाला वाटलं होतं ही पाच मिनिटांची कामं आहेत.

नुसती यादी ठेवून भागत नाही. तिच्यातला प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला, काय जोडलं, काय काढलं, याची नोंद ठेवणारी व्यवस्था लागते. मी म्हणालो, कॉलेजचं एक जुनं यंत्र आहे, त्याच्यावर ठेवू. आपली वस्तू आपल्या घरात. मित्र हसला, पण मी ऐकलं नाही. महिनाभर ते चाललं. मग वीज जायला लागली. गेली की यादी गायब आणि वीज आली की मी हजर असेन तरच परत. नंतर परीक्षेच्या पेट्या ठेवायला ती खोली लागली. शिपायाने यंत्र उचलून जिन्याखाली नेऊन ठेवलं. प्राचार्यांना विचारायला गेलो तर ते म्हणाले, "सर, हा प्रकल्प कॉलेजचा आहे का तुमचा?" मी म्हणालो, माझा. "मग घरी न्या ना."

स्वयंसेवकांनी चालवलेली एक छोटी जागा होती. ती मला आवडली होती. मित्र म्हणाला, तिथं काळं कुत्रं फिरकत नाही. सगळं जग ज्या मोठ्या परदेशी जागेवर आपली कामं ठेवतं तिथेच ठेवू. त्याचं तिथं आधीपासून खातं होतं. यादी त्याच्या खात्यावर गेली. मला बदल करायची मुभा दिली. मालकी त्याची की माझी, हा प्रश्न तेव्हा मला सुचलासुद्धा नाही. एका ताटात जेवलेल्या माणसाला काय विचारायचं.

परवान्यावर मात्र मी अडून बसलो. दोन पर्याय होते. एकात असं की, घ्या, बदला, वाटा, विकासुद्धा. पण आमच्या यादीत भर घालून काही बाहेर काढाल तर तेही असंच सगळ्यांना उघडं ठेवा. दुसऱ्यात असं की, घ्या आणि काय वाटेल ते करा, फक्त आमचं नाव कुठेतरी राहू द्या. मी पहिला धरला. मित्र म्हणाला, "कंपन्या हात लावत न्हाईत त्याला. भितात."

"नको लावू दे," मी म्हणालो.

पहिला परवाना लागला. परवान्याच्या कागदावर हक्कदारांची नावं लिहावी लागतात. आम्ही दोघांची लिहिली. मावशीचं नाव लिहायचं माझ्या मनातही आलं नाही. आता कुणी विचारलं तर मी सांगतो, तिचं तिथं खातं नव्हतं. हे उत्तर किती भिकार आहे ते मला कळतं.

दीड वर्षात यादीत भर घालणारं तिसरं माणूस एकच आलं. सिरसाळ्याची एक बाई. वडिलांचं बी-बियाण्यांचं दुकान ती चालवायची. पदवीधर होती, आणि नोंदी कशा पाठवायच्या हे तिचं तिने शिकून घेतलं होतं. दुकानात येणारे शेतकरी तणाला, किडीला, रोगाला काय म्हणतात ते ती गिऱ्हाईक गेल्यावर लिहून ठेवायची. एकेका अळीला चार-चार नावं. कोणतं नाव कोणत्या गावाकडचं तेसुद्धा. तिचं काम माझ्यापेक्षा नेटकं होतं. आम्ही कधी भेटलो नव्हतो, नुसती लेखी ओळख. मी तिला ताई म्हणायचो, ती मला सर म्हणायची.

मग ते पत्र आलं. फोनसाठी मराठी कीबोर्ड बनवणाऱ्या एका कंपनीचं. तुमची यादी अमूल्य आहे, बोलीभाषांसाठी असं काम दुसरं कुणी केलेलं नाही, आम्हाला ती वापरायची आहे, पण सध्याच्या परवान्यामुळे आमच्या कायदा विभागाची अडचण होते; परवाना सैल करण्याचा विचार कराल का? मी ते पत्र चार वेळा वाचलं. 'अमूल्य' या शब्दावर माझी नजर पुन्हा पुन्हा जात होती, हे कबूल करायला हवं. बारा वर्षं शिकवतोय, माझ्या कामाला असं कुणी म्हटलं नव्हतं.

मित्र दिवाळीला चौसाळ्याला आला होता. हायवेवरच्या हॉटेलात बसलो.

"तुझी मावशी फोनात 'न्हाई' म्हणंल आन् फोन 'न्हाई' लिहील," तो म्हणाला. "ह्याच्यासाठीच केलं ना आपण? का यादी पुजायला केली?"

"पण ते त्यांच्या बाजूने काही परत देणार नाहीत."

"न्हाई देत. मग? दीड वर्षात कोण आलं बे तुझ्याकडं? एक बाई. ह्ये लाखो फोनात जाईल."

मी चहा ढवळत राहिलो. खरं सांगायचं तर मी तिथे येतानाच ठरवून आलो होतो. फक्त त्याने मला भरीस घातलं असं दिसावं, एवढीच माझी इच्छा होती.

परवाना बदलायला भर घालणाऱ्या सगळ्यांची संमती लागते. मी सिरसाळ्याला लिहिलं. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, आणि छोटं होतं. "सर, माझी संमती नाही. दुकानात माणसं मला विश्वासाने सांगतात. ज्याला घ्यायचंय त्याने घ्यावं, पण त्याने काय केलं ते आम्हाला दिसलं पाहिजे. पहिला परवाना बघूनच मी तुमच्यात आले होते."

मी तिला समजावणारं लांबलचक पत्र लिहिलं. तिने पुन्हा तेच लिहिलं, आणखी थोडक्यात. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, "मग तिचं काढून टाक. तिचं काढलं की तिची संमती लागत न्हाई."

कायद्याने ते बरोबर होतं. व्यवस्था इतकी चोख असते की एका माणसाने घातलेलं सगळं शोधून काढायला वेळ लागत नाही. एका दुपारी, तास नसताना, कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून मी तिचे सगळे शब्द काढले. तण, किडी, रोग, चार-चार नावं, गावांच्या खुणांसकट. बदलाचं कारण लिहायची एक जागा असते. तिथे मी लिहिलं, 'परवाना बदलासाठी आवश्यक'. खाली माझं नाव आपोआप आलं, आणि त्याच बैठकीत मी परवानाही बदलला. तिला मी कळवलंसुद्धा नाही. तिच्याकडे सूचना गेलीच असणार. ती व्यवस्था तेवढी प्रामाणिक आहे.

नंतर चार-पाच महिने मी वाट बघितली. कीबोर्डची नवी आवृत्ती आली, त्या दिवशी मित्राने एक चित्र पाठवलं. त्या कीबोर्डच्या आत खोल एका पानावर, शेकडो नावांच्या ओळीत, बारीक इंग्रजी अक्षरात त्याचं आणि माझं नाव होतं. त्याने ते सगळ्यांना दाखवलं. मीही स्टाफरूममध्ये दोघा-तिघांना दाखवलं. त्या शनिवारी गावी जाऊन मावशीच्या फोनात तो कीबोर्ड घातला. तो बोललेलंही लिहायचा. तिला म्हणालो, बोल आता काहीही, तुझेच शब्द आहेत यात.

तिने फोन तोंडासमोर धरला. तिचा मुलगा कारखान्यावर गेला होता, त्याला सांगायचं होतं. ती म्हणाली, "आमी काल बाजारला गेलतो, तुझं औशिद मिळालं न्हाई."

फोनवर उमटलं: 'आम्ही काल बाजारला गेलो होतो, तुझं औषध मिळालं नाही.'

मी पुन्हा बोलायला लावलं. पुन्हा तेच. मग मी स्वतः बोटांनी लिहून बघितलं. 'कावून' लिहिलं, पुढची अक्षरं दाबेपर्यंत त्याचं 'का' झालं. 'लई' लिहिलं, 'खूप' झालं. आमचा प्रत्येक शब्द त्या यंत्राला बरोब्बर ओळखू येत होता. आधीच्या यंत्रांना ते शब्द ठाऊक नव्हते म्हणून ती रेघ ओढून थांबायची. याला ठाऊक होते, म्हणून हा रेघही ओढत नव्हता. सरळ पुसायचा आणि माझ्या रकान्यातला शब्द तिथे ठेवायचा.

मावशीला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "लिवलं का रं माझं?"

"लिहिलं," मी म्हणालो.

ती समाधानाने फोन बाजूला ठेवून उठली. मी तिला खरं सांगितलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. कळलं तिला ते शेजारच्या पोरीकडून. त्यानंतरच्या एका भेटीत ती फोनला सांगून मुलाला निरोप लिहवत होती आणि मी ओसरीवर बसलो होतो. ती सावकाश, तोंड आवळून म्हणत होती, "मी घरी आहे." तालुक्याच्या कचेरीत साहेबासमोर उभी राहिल्यासारखी. माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याला असंच समजतंय ना. मंग म्हनलं, आपूनच नीट बोलावं." मी तिथून उठून गेलो.

कंपनीला मी पत्र लिहिलं. आधी विनंतीचं, मग रागाचं. उत्तर आलं ते नम्र होतं. आपल्या योगदानाबद्दल आम्ही ऋणी आहोत. बहुसंख्य वापरकर्त्यांना प्रमाण लेखन हवं असतं. दुरुस्ती बंद करण्याची सोय आम्ही पुढे कधीतरी देण्याचा विचार करू. वापर परवान्याच्या अटींनुसारच आहे. शेवटचं वाक्य अगदी खरं होतं. काय वाटेल ते करा, असं आम्हीच लिहून दिलं होतं. त्यांना जे वाटलं ते त्यांनी केलं.

मित्राला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पहिला परवाना असता तरी काय झालं असतं? तेव्हा बी असंच वापरू शकले असते. फक्त उघडं ठिवावं लागलं असतं."

"मग दिसलं असतं. कुणीतरी ती दुरुस्ती उलटी करून घेतली असती."

"कोण? तू?"

"ती. सिरसाळ्याची."

"तुला तिचं एवढंच होतं तर कावून काढलं मग? तुझ्या हातानं काढलं ना बे तू. मी पुण्यात होतो."

हे तो ओरडून बोलला असता तर बरं झालं असतं. तो जेवता जेवता बोलत होता, ताटाचा आवाज येत होता. मी फोन ठेवला. पुन्हा तीन-चार वेळा बोलणं झालं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाईट. मी त्याला म्हणालो, तुला ते नावाचं चित्र दाखवून नोकरी बदलायची होती. तो म्हणाला, तुला 'अमूल्य' म्हटलं म्हणून तू विरघळलास. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्यामुळे बोलणं थांबलं ते थांबलंच. एका सकाळी यादीत दुरुस्ती करायला गेलो तर दार बंद. त्याने ती कायमची कुलूपबंद करून टाकली होती. वाचता यायची, बदलता यायची नाही. खातं त्याचं होतं. त्याला कुणाला विचारायची गरज नव्हती.

यादीची प्रत माझ्याकडे होती, पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या नोंदींसकट. मी ठरवलं की परवाना बदलण्याच्या आदल्या दिवसाची यादी उचलायची, पहिला परवाना तसाच ठेवायचा आणि ती स्वयंसेवकांच्या त्या छोट्या जागेवर, माझ्या खात्यावर मांडायची. त्या जुन्या यादीत सिरसाळ्याचे शब्दही होते. त्या परवान्यावर दिलेले, म्हणजे घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. तरी मी बसने सिरसाळ्याला गेलो.

दुकान रस्त्यावरच होतं. ती माझ्याच वयाची निघाली. नाव सांगितल्यावर तिने स्टूल पुढे केलं, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. ती औषधांच्या बाटल्या मांडत ऐकत होती.

"मला माहीत हाय सर," ती म्हणाली. "काढले त्या दिवशीच कळलं. मला वाटलं फोन येईल तुमचा."

"चुकलं माझं."

"हं."

"मी नव्याने मांडतोय. पहिल्याच परवान्याने. तुमचे शब्द घेऊ का, हे विचारायला आलोय."

"परवान्याने विचारायची गरज न्हाई तुम्हाला."

"तरी विचारतोय."

तिने हातातली बाटली फळीवर ठेवली. "मग न्हाई म्हणते. नका घेऊ. मला आता त्याचं काही करायचं न्हाई, आणि तुमच्याकडं तर न्हाईच न्हाई. राग नका मानू."

राग मानायला मला जागाच नव्हती. चहा आला. तेवढ्यात एक म्हातारा गिऱ्हाईक पायरी चढून आला. त्याच्या कापसात कसलं तरी तण माजलं होतं, त्याचं तो वर्णन करत होता. त्याने त्या तणाचं नाव घेतलं. मी ते कधी ऐकलं नव्हतं. मावशीकडूनही नाही. काही कळायच्या आत माझा हात खिशातल्या फोनकडे गेला, टिपून घ्यायला. ती माझ्या हाताकडे बघत होती. मी फोन परत खिशात ठेवला.

तिने म्हाताऱ्याला पुडा दिला, पाण्यात किती घालायचं ते समजावलं, त्याच्याच शब्दात. तो गेल्यावर ती वहीत काही लिहायला बसेल असं मला वाटलं. तिने नुसता गल्ला पुसून घेतला. मी चहा संपवला, कप काउंटरवर ठेवला आणि येतो म्हणालो. तिने मान हलवली. बससाठी तासभर उभा होतो.

पुढच्या आठवड्यात यादी नव्या जागेवर मांडली, तिच्या शब्दांशिवाय. म्हाताऱ्याने घेतलेलं ते नाव मला अजून पाठ आहे. यादीत मी ते घातलेलं नाही.